पैऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात

पलूसच्या ज्युनियर कॉलेजात मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आणि त्यातली निदान वीस वर्षं माझं एकाच वाक्याशी भांडण आहे. निबंधात पाऊस आला की आमची पोरं आकाशातून मांजरं आणि कुत्री पाडतात. तिकडे इंग्लंडात आता म्हातारी माणसंसुद्धा असं बोलत नाहीत, हे मी दरवर्षी घसा कोरडा करून सांगते आणि दरवर्षी पन्नास पेपरांत तीच मांजरं, तीच कुत्री. मला वाक्प्रचारांचा मनापासून शौक आहे, म्हणूनच त्यांचे हाल बघवत नाहीत. बुटांच्या तीन खोक्यांत मी कार्डं भरून ठेवली आहेत. एका कार्डावर एक इंग्रजी वाक्प्रचार, तो कोण वापरतं, कुणापुढे वापरू नये आणि मराठीत त्याच्या आसपासचं काय. माझी मुलगी प्रांजल पुण्याहून सांगते, आई, हे सगळं मोबाइलमध्ये मिळतं. मिळतं, पण 'कुणापुढे वापरू नये' हा रकाना मोबाइलला अजून जमलेला नाही.

तर यंदा होळी झाल्यावर एका संध्याकाळी सुभेदार लालासाहेब माझ्या दारात उभे राहिले. त्यांचं गाव पलूसपासून चार किलोमीटरवर. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, आता तीन एकर ऊस आणि थोडी हळद. त्यांचा मुलगा शिवतेज माझ्या हाताखालून गेला, एवढीच आमची ओळख. पायातली चप्पल काढून ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"बाई, एक पत्र लिवायचं हाय इंग्रजीत. घानाला."

मोबाइलवर एक पोस्टर होतं. काळी-लाल चौकट, मध्ये गणवेशातल्या एका हसऱ्या माणसाचा फोटो, वर मोठ्या अक्षरांत होम कॉल. मी ते दोन शब्द पुन्हा वाचले. देवानं घरी बोलावून घेतलं, या अर्थानं. माझ्याकडे याचं कार्ड नव्हतं. कुणीतरी गेल्याची बातमी समोर असताना मला आधी कार्ड आठवलं, हे कबूल करते.

"दोस्त हुता माझा," लालासाहेब म्हणाले. "क्वाबेना. घानाच्या फौजेत सार्जंट. त्याच्या बायकोनं त्याच्याच फोनवरनं ह्यो फोटू पाठवलाय. आकोसुआ तिचं नाव."

मग त्यांनी सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला होते. तिथल्या एका छावणीत भारताची एक तुकडी होती आणि घानाची एक. दोघांचं पाणी एकच. टँकर रोज नदीवर जायचा, भरून यायचा, आणि त्याच्याबरोबर एक दिवस भारताचा माणूस, एक दिवस घानाचा. रस्ता वाईट, ऊन वाईट आणि वाटेत कोण बंदूक घेऊन आडवं येईल याचा नेम नाही. भारताकडून पाळी लालासाहेबांची, घानाकडून क्वाबेनाची. मध्येच लालासाहेबांना मलेरिया झाला. ते तापात पडून होते तेवढ्या काळात त्यांच्या नऊ पाळ्या आल्या, आणि नऊच्या नऊ क्वाबेनानं काढल्या. कुणी हुकूम दिला नव्हता. ते उठून बसले तोवर त्यांच्या तुकडीचा परतीचा दिवस आला.

"नऊ दिवस," लालासाहेब म्हणाले. "मी त्याला म्हणलं, फेडीन. तो हसला. मंग अकरा वर्षं नुसतं गुड मॉर्निंग चाललंय. मी उसाचा फोटू टाकायचा, त्यानं कोकोचा. आन आता हे."

"मग पत्रात काय लिहायचं? दुःख झालं, सांत्वन वगैरे?"

"ते तर लिवाच. पण खरं काम ते न्हवं. तिला कळवायचं, की क्वाबेनाचा पैरा माझ्याकडं राहिलाय. माणूस गेला म्हणून पैरा बुडत न्हाई. घराचा घराशी असतोय तो. तिनं कवाबी हाक मारावी. हे तिला कळलं न्हाई तर मी तोंड चुकवणारा ठरलो."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे भांगलण म्हणजे खुरप्यानं तण काढणं, लावण, हळदीची काढणी अशी कामं निघाली की एका घरची माणसं दुसऱ्याच्या रानात जाऊन दिवस भरतात. त्याचे पैसे घेत नाहीत. पुढे त्यांचं काम निघालं की त्या घरानं तितकेच दिवस यांच्या रानात यायचं. हा पैरा. ज्याच्या रानात आज काम झालं, त्याच्याकडे पैरा राहिला. अलीकडे मजूर आणि यंत्रं आल्यानं तो कमी झालाय, पण शब्द अजून जिवंत आहे.

"मोबाइलवर बघितलंत का?" मी विचारलं.

"बघितलं की. त्यो पैऱ्याला पैराच म्हणतोय."

मला आनंद झाला, हे लपवत नाही. मोबाइलला न जमलेली गोष्ट माझ्याकडे आली होती. मी तिन्ही खोकी टेबलावर काढली आणि लालासाहेबांना चहा दिला.

पुढचे तीन दिवस मी त्या शब्दाच्या मागे होते. स्टाफरूममध्ये, एस्टीत, भाजी निवडताना. रिटर्न द फेवर घेऊन पाहिलं. त्यात मेहेरबानीचा वास येतो, आणि मेहेरबानी करणारा वरच्या पायरीवर असतो. आय ओ यू वन हे गाडी ढकलून देणाऱ्या मित्राला ठीक, विधवेला नाही. पे बॅक म्हटलं तर इंग्रजी माणूस सूडसुद्धा समजेल. एकमेकांची पाठ खाजवण्याचा एक वाक्प्रचार आहे, तो मी लालासाहेबांना समजावून सांगितला, तर ते म्हणाले, "ही तर आमच्या सोसायटीची निवडणूक झाली." चेंडू आता माझ्या अंगणात आहे, असाही एक आहे. तो त्यांना फार आवडला, कारण ते फौजेत व्हॉलीबॉल खेळायचे. पण थोडा विचार करून त्यांनीच तो नको म्हटला, कारण चेंडू परतवतात तो समोरच्याला हरवायला.

शेवटी मला सापडलं ते भारदस्त होतं. आय शॅल रिमेन फॉरेव्हर इन युवर हजबंड्स डेट. मी तुमच्या पतीच्या ऋणात कायम राहीन. वाचताना माझाच आवाज खाली गेला. लालासाहेबांनी 'फॉरेव्हर' दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली. त्यांनी ते वाक्य स्वतःच्या बोटांनी टाइप केलं, मी फक्त स्पेलिंग सांगत गेले.

पाच दिवसांनी उत्तर आलं. लालासाहेब ते घेऊन कॉलेजच्या गेटपाशीच उभे होते, बरोबर त्यांच्या पत्नी येसूबाई. मी त्यांच्या गाडीच्या सीटवर पर्स ठेवून वाचलं. आकोसुआनं फार गोड लिहिलं होतं. तुम्ही क्वाबेनाला आठवता याचं समाधान वाटतं. पण तुम्ही आमचं काहीही देणं लागत नाही. लेट द स्लेट बी वाइप्ड क्लीन. तुमच्या मनावर ओझं ठेवू नका, शांत राहा, देव तुमचं भलं करो.

"बघा, किती छान लिहिलंय," मी म्हणाले. "हा सुंदर वाक्प्रचार आहे. पाटी पुसून टाकली, म्हणजे आता काही राहिलं नाही."

"काही राहिलं न्हाई?" लालासाहेबांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही मोकळे."

त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, खिशात घातला आणि गाडीला किक मारली. येसूबाई मागे बसता बसता माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत आभार नव्हते. मी मात्र पाटीच्या नव्या कार्डावर तारीख घालायला घरी गेले.

चार दिवस लालासाहेब आले नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी येसूबाईंचा फोन आला. "बाई, तुमी त्या बाईला काय लिवलंसा? ह्यांना जेवान जाईना झालंय. रानात जात्यात आन बांधावर बसून येत्यात."

शनिवार होता. मी बस पकडून गेले. लालासाहेब अंगणात विळ्याला धार लावत बसले होते. मला बघून उठले, खुर्ची आणली, पुसली आणि पुन्हा विळा हातात घेतला. येसूबाई आतून ताक घेऊन आल्या. मी विचारलं, झालं तरी काय.

उत्तर येसूबाईंनी दिलं. "आमच्या चुलतसासऱ्यांचं, नाथाजींचं, आन शेजारच्या हरणाबाईच्या घरचं बांधावरनं वाकडं आलं. नाथाजी सरळ म्हणालं, तुमचा पैरा आमाला नगं. तेवढंच म्हणालं. शिवी न्हाई, काय न्हाई. अकरा वर्सं त्या दोन घरांत हळदीकुंकू झालं न्हाई. मयताला बी गेली न्हाईत माणसं."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पैरा सोडून देणं ही इथं दया नाही. तुमचा-आमचा संबंध संपला, हे सांगण्याची ती रीत आहे. आणि मी, वाक्प्रचारांची तीन खोकी जमवलेल्या बाईनं, गेटवर उभी राहून तो निरोप त्यांना हसत हसत वाचून दाखवला होता. मला स्वतःचा फार राग आला. राग आला की मी समोरच्यावर चिडते, ही माझी जुनी खोड.

"अहो सुभेदार, तिला तुमच्या रीती कशा माहीत असणार?" मी म्हणाले. "तिनं चांगल्या मनानं लिहिलंय. तुम्ही उपकार म्हणा आणि मोकळे व्हा. क्वाबेनानं उपकार केले, तुम्ही विसरणार नाही. झालं."

"उपकार न्हवं ते," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "उपकार मोठा ल्हान्यावर करतोय. पैरा बरोबरीच्यांत असतोय. त्यो माझ्या बरोबरीचा, मी त्याच्या बरोबरीचा. तुमाला न्हाई कळायचं."

"मला नाही कळायचं? मी सांगते तुम्हाला बरोबरी," मी म्हणाले. "माझी आजी राहीबाई. कोरेगावच्या शिवारात साठ वर्षं राबली. त्या शिवारातली एकही पात, पिकाची एकही ओळ अशी नसेल जी तिनं भांगलली नाही. तिला कुणी कधी पैऱ्याला बोलावलं नाही. रोजानं बोलावलं. रोज हातावर टाकला की संध्याकाळी संपलं, पुन्हा ओळख दाखवायचं कारण नाही. आमच्या घराकडे कुणाचा पैरा राहिला नाही आणि कुणाकडे आमचा राहिला नाही. तेव्हा पैरा म्हणजे काय हे मला तुमच्यापेक्षा थोडं जास्तच कळतं."

विळ्यावरचा हात थांबला. येसूबाई ताकाचा तांब्या धरून तशाच उभ्या होत्या. मला वाटलं आता उठावं.

"व्हय," लालासाहेब म्हणाले. "न्हाई बोलावलं. आमच्या गावात बी न्हाई बोलावलं तुमच्या माणसांना. चूकच हाय ती. मोठी चूक हाय."

त्यांनी सारवासारव केली नाही, जुनी माणसं अशीच होती वगैरे म्हटलं नाही. मला ते बरं वाटलं. ताक पिता पिता माझ्या ध्यानात आलं, की जे मी तीन दिवस कार्डांत हुडकत होते ते मी आत्ता रागाच्या भरात एका दमात सांगून टाकलं होतं. पैरा म्हणजे परतफेड नव्हेच. पैरा म्हणजे उद्या पुन्हा तोंड दाखवायला कारण असणं. ऋण, मेहेरबानी, पाटी, या सगळ्यांना लवकर संपायची घाई असते. माझ्या भारदस्त वाक्यानं क्वाबेनाला सावकार केलं होतं, आणि सावकाराच्या भल्या बायकोनं जे करावं तेच आकोसुआनं केलं.

"सुभेदार, मोबाइल आणा," मी म्हणाले. "आज वाक्प्रचार नाही. तुम्ही सांगा, तुमच्याकडे भांगलणीला काय होतं. सकाळपासून. मी तसंच्या तसं लिहिते."

"तिला काय करायची आमची भांगलण?"

"सांगा तर."

त्यांनी सांगितलं. सकाळी सात वाजता शेजारच्या नानासोच्या घरची चार माणसं येतात. खुरपी आपापली. दुपारची भाकरी रानाच्या मालकाची. कुणाची पात मागे राहिली तर शेजारचा आपली संपवून त्याच्या पातीला हात लावतो. संध्याकाळी कुणी कुणाचे आभार मानत नाही. नुसतं विचारतात, तुमची कवा काढायची? मी लहान लहान इंग्रजी वाक्यं केली, आठवीच्या पोराला कळतील अशी. मग लिहिलं, आमच्यात असं राहिलेलं काम कुणी सोडून देत नाही. सोडून दिलं तर त्याचा अर्थ, यापुढे आमच्या दारात येऊ नका. तुमच्या नवऱ्यानं माझ्या पातीला नऊ दिवस हात लावला. मी तुमच्या दारात येऊ शकतो असं मला राहू द्या. तुमची कवा काढायची?

शेवटचा प्रश्न मी त्यांच्याच शब्दांत ठेवला. इंग्रजीत तो जरा चमत्कारिक दिसत होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी एक चमत्कारिक वाक्य लाल शाई न लावता सोडलं.

उत्तराला या वेळी चोवीस तासही लागले नाहीत. रविवारी सकाळी लालासाहेबांनी फोन केला आणि म्हणाले, उत्तर आलंय, फोनवर नगं, इकडंच या. गेले तर पडवीत सतरंजी टाकलेली आणि दोघं नवरा-बायको समोर बसलेली. दोघांनीही उघडून पाहिलं नव्हतं. पुन्हा पाटी निघाली तर काय करणार होते मी?

आकोसुआनं सुरुवातच रागावून केली होती. मग हे आधी का नाही सांगितलंत? तुमचं पहिलं पत्र वाचून मला वाटलं कुणीतरी मोठा अधिकारी लिहितोय. याला आमच्याकडे न्नोबोआ म्हणतात. माझ्या वडिलांच्या कोकोच्या बागेत गवत काढायला न्नोबोआची माणसं यायची, शेंगा फोडायला यायची, आणि आम्ही त्यांच्याकडे जायचो. न्नोबोआ सोडून द्यायला मी काय वेडी आहे?

मी तो शब्द दोनदा उच्चारला. येसूबाईंनी म्हणून पाहिला. लालासाहेबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि हातानं तोंड पुसलं, खालपासून वरपर्यंत. इतके दिवस आम्ही हा शब्द इंग्रजांच्या घरात शोधत होतो. तो घानातल्या एका बागेत होता. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती.

"फुडं वाचा," येसूबाई म्हणाल्या.

पुढे काम होतं. बागेचं काम शेजारी बघतात, आकोसुआनं लिहिलं होतं. तुम्ही इतक्या लांबून विळा घेऊन यावं असं माझ्याकडे काही नाही. पण क्वाबेना सुदानहून आला तो गप्प होऊन आला. त्या वर्षाबद्दल त्यानं मला काही सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच. आमा अकरा वर्षांची आहे. ती विचारते, तिकडं बाबा काय करायचे? मला सांगता येत नाही. तुमच्याकडे माझे नऊ दिवस आहेत ना? मला त्याचे नऊ दिवस द्या. कुठलेही नऊ. सकाळी उठल्यापासून संध्याकाळपर्यंत, त्यानं काय खाल्लं, कुणावर चिडला, काय म्हणाला. काही गाळू नका. ही माझी काढणी आहे, आणि ती आत्ताच आहे.

लालासाहेबांचा चेहरा उतरला. "ऊस तोडायला सांगितला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "तिकडचं मी हिलाबी सांगितलं न्हाई."

"न्हाई सांगितलं," येसूबाई म्हणाल्या. "झोपेत ओरडता तेवढं म्हाईत हाय."

"बाई, काही दिवस लय वंगाळ हुते. ते पोरीनं वाचायचं?"

"वाईट दिवस कसे सांगायचे ते आपण नंतर बघू," मी म्हणाले. "नऊतला एक तरी चांगला असेल. तिनं बोलावलं आहे, आणि तुम्हीच म्हणालात, हाक मारली की जायचं."

ते उठले. मला वाटलं रानात निघून जाणार. पण ते दारापर्यंत गेले, बाहेर बघत उभे राहिले आणि परत येऊन सतरंजीवर मांडी घालून बसले. मी वही उघडली. येसूबाई आत गेल्या, गॅस बंद केला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"एक दिवस हाय," ते म्हणाले. "शनिवार हुता. आमची दोघांची नीट ओळख बी न्हवती तवा. सकाळी साडेपाचला मी पाण्याच्या टाकीकडं गेलो, तर ह्यो टँकरच्या मागं बसून रडत हुता. एवढा धिप्पाड गडी. हे लिवायचं का?"

"तिनं काही गाळू नका म्हटलंय. का रडत होता?"

"त्याला घरनं कळलं हुतं, पोरगी झाली म्हणून. पहिलीच पोर. आन ह्यो तिकडं. मला म्हणाला, सॅटरडे, आमा. त्यांच्यात शनिवारी झालेल्या पोरीला आमा म्हणत्यात. मला आधी वाटलं कुणी मेलं का काय. मंग त्यानं हातानं दाखवलं, एवढीशी." लालासाहेबांनी दोन्ही हात पुढे केले आणि मध्ये वीतभर जागा ठेवली. हात बराच वेळ तसेच राहिले.

"मंग?" येसूबाईंनी विचारलं.

"मंग काय. आपल्यात पोरगी झाली की जिलेबी वाटायची. तितं जिलेबी कुठली? तू दिलेला गूळ हुता डब्यात. तो फोडला. मी आन तो दोन्ही तुकड्यांत फिरलो, खडा खडा देत. घानाच्या पोरांना गूळ म्हाईत न्हवता, ती त्याचा वास घ्यायला लागली. तो सगळ्यांना सांगत हुता, माय डॉटर, माय डॉटर. डबा रिकामा झाला तवा नऊ वाजलं हुतं आन टँकर निघायचा हुता. पाळी त्याची हुती. पण त्याचं चित्त कुठं थाऱ्यावर. मी म्हणलं, यू सिट, आय गो. आन मी गेलो."

मी लिहीत होते. येसूबाई एकदम त्यांच्याकडे वळल्या.

"आवं, म्हंजी पयला दिवस तुमी भरलासा," त्या म्हणाल्या. "मंग त्येनं त्यातला एक फेडलाच की. ऱ्हायलं आठ."

लालासाहेबांनी बोटं मिटून मांडीवर ठेवली. ही गोष्ट अकरा वर्षांत त्यांच्या ध्यानातच आली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी पेन थांबवलं. काही गाळायचं नाही असं मीच बजावलं होतं.

"तेवढं नगा लिवू, बाई," ते म्हणाले. "टँकरबरोबर कोण गेलं ते नगा लिवू. नऊच ऱ्हाऊ द्या."